वहिनीचे तीन वेढे

आमच्या वहिनीने जोडलेला बोर्ड उघडला की तो कुणाचा, हे विचारावं लागत नसे. प्रत्येक जोडणीशी उरलेल्या तारेचे तीन वेढे, बोटाला गुंडाळून काढलेले, एकाला एक चिकटून. ही सवय तिच्या वडिलांची. तात्याही वायरमन, आणि त्यांचा दंडक होता की उरलेली तार कापायची नाही; उद्या टोक जळलं तर ओढून घ्यायला हाताशी असावी. तात्या गेले तेव्हा त्यांची पक्कड, शिडी आणि हे तीन वेढे वहिनीकडे आले. वेढ्यांचा तिला पक्कडीपेक्षा जास्त अभिमान होता.

मी तिची धाकटी नणंद. शिवणकाम करते. माझं मशीन आणि तिचं हत्यारांचं कपाट एकाच खोलीत, त्यामुळे आमची रोज बाचाबाची. मी तिरसट आहे हे आधीच सांगून टाकते, उगाच मागाहून कळायला नको. चिडवायचं असलं की वहिनी मला 'वन्सं' म्हणते आणि अहोजाहो करते. दादा मधे पडत नाही. तो शहाणा आहे.

आमचं गाव उंचावर, उघड्या माळाला लागून. पाऊस बेताचा, पण विजा मनसोक्त. छतांवर सोलर पॅनेल येऊ लागली तेव्हा बाकीचे वायरमन पॅनेल बसवत, तारा इन्व्हर्टरला जोडत आणि घरी जात. वहिनी मात्र विजेच्या मागे हात धुऊन लागली. "उघड्या छतावर एवढं लोखंड मांडून ठेवायचं आणि वर वीज पडू नये म्हणायचं, हे कुठलं शहाणपण?" ती छतावर उंच दांडा लावायची, त्याची पट्टी थेट जमिनीत न्यायची, पॅनेलच्या चौकटीही त्याच अर्थिंगला बांधायची. शिवाय इन्व्हर्टरच्या आधी एक सर्ज प्रोटेक्टर. काडेपेट्यांची चळत असावी एवढासा डबा. वीज जवळपास जरी पडली तरी तारांतून जो धक्का येतो, तो इन्व्हर्टरपर्यंत पोचायच्या आत जमिनीत सोडणं हे त्याचं काम. डब्याला एक बारीक खिडकी असते. हिरवी म्हणजे ठणठणीत, लाल म्हणजे डबा कामी आला, नवा बसवा.

अशी एकतीस छतं तिने केली. लोक तिला विजेची बाई म्हणू लागले. त्यातलं मोठं छत प्रसूतिगृहाचं. वादळात गावची लाइन हमखास जाते, तेव्हा नवजात बाळांना ऊब देणारे वॉर्मर या सोलरच्या बॅटरीवर चालत. त्या छताच्या दाराची किल्ली वहिनीच्या कमरेच्या पिशवीत असे.

आणि नेमका तिथलाच इन्व्हर्टर जळला. पहिल्या वेळी डॉक्टरीणबाईंनी नवा मागवला. पुढच्या वर्षी पुन्हा वीज पडली, पुन्हा इन्व्हर्टरचा कोळसा झाला, आणि तीन बाळांना गरम पाण्याच्या पिशव्यांवर सांभाळावं लागलं. या वेळी त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या, बाई. नवा इन्व्हर्टर येतोय, तो तुम्ही जोडा. पण तोही जळला, तर या छतावर पुन्हा पाय ठेवायचा नाही."

वहिनी घरी आली ती जेवलीच नाही. प्रोटेक्टरचा डबा तिने माझ्या कापडं बेतायच्या टेबलावर आणून ठेवला. "बघ. खिडकी हिरवीगार. इन्व्हर्टर जळून खाक आणि याला साधा ओरखडा नाही. घर लुटलं गेलं आणि राखणदार घोरतोय!" दांडा ठीक होता, अर्थिंग तिने तीनदा मोजलं होतं. तिला काही सुचेना. त्या रात्री ती माझ्याशी भांडलीसुद्धा नाही आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला एका कोटाला जुळणारं बटण मिळेना. मी बटणांची डबी टेबलावर उपडी केली. डबी मोठी छान, पुठ्ठ्याची, घट्ट झाकणाची. दोन वर्षांपूर्वी वहिनीने प्रोटेक्टर काढून घेतल्यावर ती मी ढापली होती. बटणं घरंगळली आणि तळातून घडी घातलेला एक कागद पडला. वर बारीक अक्षरं, खाली चित्र. चित्रात असाच एक डबा, त्याच्या तारेला तीन वेढे, आणि त्या वेढ्यांवर भली मोठी फुली.

कागद चुरगळून टाकावा असं क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू? मग मी हाक मारली. चष्मा चढवून तिला वाचून दाखवलं, "जोडणीच्या तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत. तारा सरळ असाव्यात. वेढे घालू नयेत."

वहिनी चित्राकडे बघतच राहिली. मग मटकन खाली बसली. "विजेचा धक्का डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो, गं. तेवढ्यात त्याला लांब तार नको, वेढे तर नकोतच. मी जमिनीकडचं दार उघडं ठेवलं आणि दारातच वळणांचा जिना बांधला. मग तो गेला सरळ, इन्व्हर्टरमध्ये."

"हा कागद माझ्या बटणांखाली होता," मी म्हटलं.

"तो मी उघडून बघितला नव्हता. हातात कला आहे ना आमच्या!" आणि ती रडू लागली. "तात्या चुकले नव्हते. दिव्याच्या बोर्डाला त्यांचं बरोबरच होतं. मी कुणाला न विचारता तेच इथे घातलं."

मी म्हटलं, प्रसूतिगृहाचं गुपचूप दुरुस्त कर, बाकीच्यांकडे कशाला दवंडी पिटायची? तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी सुई-दोरा हातात घेतला. "वन्सं, बाकीच्या तीस छतांखालीही माणसंच राहतात."

ती खरोखर दारोदार गेली. प्रत्येक दारात तेच, "माझी चूक झालीय, नीट करायला आलेय." बेकरीवाला हसून लोळायचा बाकी राहिला. चौकातल्या वायरमनने तर दुकानाबाहेर उभं राहून विचारलं, "काय बाई, आज कुणाकडे माफी?" ही मान खाली न घालता म्हणाली, "तुझीही छतं बघून घे. आता तूही माझंच बघून डबा लावतोस आणि वेढे घालतोस." संध्याकाळी पिशवीतून वेढे निघत, माझ्या टेबलावर ढीग वाढत जाई. तो बघून मला रोज भरून यायचं, आणि मी रोज टेबल अडवलं म्हणून ओरडायची.

प्रसूतिगृह शेवटी. नवा इन्व्हर्टर आला, वहिनीने डबा अर्थिंगच्या पट्टीला खेटून बसवला. जुने वेढे डॉक्टरीणबाईंदेखत तात्यांच्याच पक्कडीने कापले आणि मधे वीतभर सरळ तार लावली. डॉक्टरीणबाई किल्ली मुठीत धरून उभ्या होत्या. काम झाल्यावर त्यांनी दार लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

दीड महिना आभाळ कोरडं. मग एका संध्याकाळी माळावरून काळे ढग आले आणि असा कडकडाट झाला की माझ्या मशीनची सुई मोडली. खिडकीतून आम्ही दोघींनी पाहिलं, वीज प्रसूतिगृहाच्या दांड्यावर उतरली होती. घरातले दिवे गेले. फोन वाजला. "बाई, लाल झालंय! लवकर..." डॉक्टरीणबाईंचा आवाज, आणि फोन बंद.

वहिनीने पिशवी कमरेला बांधली. पण शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही हा तिचाच नियम, आणि तो तिने पाळला. तो अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. वाटेत ती एवढंच म्हणाली, "डबा लाल की इन्व्हर्टरचा दिवा लाल, ते कळलंच नाही. संपलं बहुतेक."

सगळं गाव अंधारं होतं. प्रसूतिगृहात दिवे लख्ख. वॉर्मरखाली दोन बाळं मुठी मिटून गाढ झोपलेली. इन्व्हर्टर गुणगुणत होता. वहिनी बोर्डापाशी पळाली. प्रोटेक्टरची खिडकी लालभडक.

"तेच सांगत होते मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे जळलं, आता इन्व्हर्टर कधी जाईल?"

वहिनी हसायला लागली. हसत हसत भिंतीला टेकली. "मॅडम, हे लाल व्हायलाच हवं होतं! वीज याने अंगावर घेतली आणि जमिनीत गाडली. इन्व्हर्टरला पत्तासुद्धा नाही!" तिने पॅनेलकडचा स्विच पाडला, डब्याच्या खाचेतून खिडकीचा जळका तुकडा ओढून काढला, पिशवीतला नवा बसवला. टक्. हिरवी.

डॉक्टरीणबाईंनी खिशात हात घातला. "मी म्हटलं होतं, या छतावर पाय ठेवायचा नाही."

"म्हटलं होतं."

"आता तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणी ठेवायचा नाही." आणि किल्ली वहिनीच्या तळहातावर ठेवली. मी तिथेच, नर्सबाईंच्या देखत, भोकाड पसरलं.

घरी आल्यावर वहिनीने तो जळका तुकडा कपाटात तात्यांच्या पक्कडीशेजारी ठेवला. "बघा तात्या, वेढे कापले," एवढंच त्यांना सांगितलं. मी माझी बटणं बरणीत ओतली आणि डबी, कागदासकट, तिच्या हातात दिली. तिने कागद उघडला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला बसली.