रोमन किल्ल्यावरचे मुकादम

माझं काम वाचवलं ते ऱ्हाईनकाठच्या रोमन किल्ल्याच्या खोदकामावरच्या म्हाताऱ्या मुकादमांनी. शाळा अर्धवट सोडून जर्मनीत आलेल्या मला तिथं फावडं मिळालं, हेच खूप होतं. तटाचा नवा दगड उघडा पडला की मुकादम टोपी काढून त्याला "गुटेन मॉर्गेन", म्हणजे सुप्रभात, म्हणायचे.

एकदा पिवळ्या मातीतला काळा गोल डाग मी घाण समजून खरवडून काढला. तो रोमन काळातल्या, कुजून गेलेल्या लाकडी खांबाचा ठसा होता, जपायचा पुरावा. आता खोदकामाचे साहेब हाकलणार, म्हणून मी फावडं खाली ठेवलं.

मुकादमांनी तीन ढांगा मोजल्या. "रोमन शिपाई खांब सारख्या अंतरावर रोवायचे. खण इथं, हळू!"

तिथं दुसरा डाग निघाला.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" मुकादम साहेबांकडे बघून ओरडले, "यानं एक खांब खाल्ला आणि एक दिला!"

साहेबही हसले. माझं काम टिकलं.

एक दिवस मुकादमांना आमच्या गावचा गड दाखवीन, त्यांना चढता आलं नाही तर खांद्यावर बसवून नेईन.