म्हाळसाआत्याचे अर्धे सिनेमे

म्हाळसाआत्यानं आयुष्यात ढिगानं सिनेमे पाहिले, पण पुरा एकही नाही. दोष तिचा नव्हता, एसटीचा होता. बाजाराच्या दिवशी ती माळवं घेऊन नळदुर्गला जायची आणि पाटी रिकामी झाली की टॉकीजमध्ये तीनच्या खेळाला बसायची. पडद्यावर ‘मध्यांतर’ ही अक्षरं आली, दिवे लागले, की पाटी उचलून निघायची. आमच्या गावाकडची शेवटची गाडी त्याच सुमाराला सुटायची आणि गाडीच्या कंडक्टरला सिनेमाशी काही देणंघेणं नव्हतं.

आत्याला वाचता येत नाही. त्यामुळं पहिली काही वर्षं ती मध्यांतरालाच शेवट समजत होती. “लोकं उठली, म्या बी उठले,” असं ती सांगते आणि पोट धरून हसते. तिला वाटायचं, सिनेमा असाच असतो. पोरगी गाठोडं घेऊन गाडीत बसते, गाडी निघते, आणि पुढचं आपण घरी जाऊन बघायचं असतं. खरा प्रकार कळला तोवर तिला घरी जाऊन बघायची सवय लागून गेली होती.

आत्या तरुणपणीच विधवा होऊन भावाकडं, आमच्या शेजारच्या घरात, परत आली. भावाची मेंढरं होती, थोडं रान होतं. भावाच्या भागवतला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं. बाजाराचा दिवस सोडला तर बाकी दिवस ती रामकिसनकाकांच्या रानात खुरपायला जायची. शाळेच्या सुट्टीत मीही जायचे, खुरपायला कमी आणि ऐकायला जास्त. प्रत्येक बाईची आपापली पात, म्हणजे खुरपायची ओळ, असायची आणि आत्या मधल्या पातीला. ती सिनेमा सांगत पुढं सरकायची. जी मागं पडेल तिचा सिनेमा बुडायचा. त्यामुळं रामकिसनकाकांचं रान गावात सगळ्यात आधी खुरपून व्हायचं, आणि काका त्याचं श्रेय स्वतःच्या शिस्तीला द्यायचे.

सांगण्याचा एक नियम होता. आत्या थांबली की कुणीतरी “मग?” म्हणायचं. नाही म्हटलं तर गोष्ट तिथंच राहायची. आणि “मग?” म्हटलं, तर पुढं जे येईल ते मुकाट्यानं ऐकायचं. कुणी मधेच “असं कुठं असतंय व्हय?” म्हणालं, की आत्या खुरपं उगारून म्हणायची, “मग म्हनलीस न्हवं? आता ऐक.”

दुपारच्या त्या पिवळ्या उन्हात तिचा आवाज ऐकता ऐकता डोळे उघडे असून झोप लागायची. ज्वारीच्या पानांवरून वारा सळसळत जायचा आणि मला तो समुद्र वाटायचा, जो आत्यानंही फक्त पडद्यावर पाहिला होता. सगळ्यात जास्त आम्ही एकच सिनेमा मागायचो. त्यात विहिरीवर गाणारी एक पोरगी होती. तिचा आवाज ऐकून शहराचं बोलावणं येतं, बाप नको म्हणतो, ती एसटीत बसते. इथवर सिनेमावाल्यांचं. पुढचं आत्याचं. पोरगी शहरात गाते, तिचा आवाज रेडिओवर येतो, आणि ज्वारी काढायला आली की ती गावाकडं येते, डोक्याला फडकं बांधून बापाच्या शेजारी काढायला बसते. परत जाताना तिला उशीर होतो, ती बांधावरून पळत सुटते, आणि कंडक्टर तिच्यासाठी गाडी थांबवून धरतो. आत्याच्या प्रत्येक सिनेमात असा एक कंडक्टर असायचाच.

पुढं मी सोलापूरला शिकायला गेले, पुरे सिनेमे पाहिले आणि माझा साफ हिरमोड झाला. हे लोक आधी माणसाला ढगावर बसवतात आणि नंतर तिथून ढकलून तरी देतात, नाहीतर एका गाण्यात सगळं जमवून तरी देतात. मधे जेवायचं काय, राहायचं कुठं, घरच्यांचं काय, याचा पत्ता नाही. स्वप्न आणि ज्वारी दोन्ही सांभाळणारा सिनेमा मला अजून कुठं दिसला नाही. मला त्या लोकांचा राग येतो, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

भागवत मोठा होऊन कंडक्टर झाला. दुसरं काही होणं त्याला शक्यच नव्हतं असं मी म्हणते आणि तो चिडतो. पण त्याच्या गाडीला सगळी वाट ओळखते. लांबून कुणी हात करत पळत येताना दिसलं, की तो गाडी थांबवून धरतो आणि ड्रायव्हरचं बोलणं खातो.

त्याची मुलगी प्रतीक्षा. तिला लहानपणापासून आवाजांचं वेड. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा, हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांची घरघर, आत्याचं घोरणं, सगळं ती मोबाइलमध्ये भरून ठेवते. संध्याकाळी कानाला लावून बसली की हाक मारूनही तिला ऐकू येत नाही. यंदा पुण्याच्या एका कॉलेजात ध्वनिमुद्रण शिकायला तिचा नंबर लागला. भागवतनं तोवर तुळजापुरात एका दुकानात तिच्यासाठी काम बघून ठेवलं होतं. रोज त्याच्याच गाडीनं जायचं, त्याच्याच गाडीनं यायचं.

त्या दुपारी मी त्यांच्याकडंच होते. अंगणात लिंबाखाली आत्या तूर निवडत होती. भागवत ड्यूटीवरून आला होता, अंगात अजून खाकी.

“आवाज काय शिकायचा असतोय व्हय?” तो म्हणाला. “कान देवानं दिल्यात की.”

“आबा, मला जायचंय,” प्रतीक्षा म्हणाली. “उद्या फोन करून कळवायचंय त्यांना. न्हायतर जागा जाती.”

आत्या सुपातून मान वर न करता म्हणाली, “आपला खंडोबा बी काई महिने नळदुर्गात ऱ्हातो, काई महिने अणदुरात. देवाला दोन गावं चालत्यात, तर पोरीला का न्हाय?”

“देवाचं येगळं, आत्या.”

“आजीच्या पिक्चरमदली पोरगी गेलीच की,” प्रतीक्षा आत्याकडं बघत म्हणाली.

 मग जे भागवतनं इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं ते बोलून गेला. “ती पिक्चर म्या पुरी बघितलीय. सोलापूरला ट्रेनिंगला हुतो तवा. तिला शहरात फसवत्यात. आवाज जातो तिचा. परत येती आन बापाच्या पायावर पडती. तितंच संपती पिक्चर.” आणि हळू आवाजात, “तुमाला सांगितलं न्हाय, आत्या. तुमचं मन कशाला मोडायचं म्हनून.”

आत्यानं सूप खाली ठेवलं. “लाव ती पिक्चर.”

प्रतीक्षानं मोबाइलवर शोधून लावली आणि मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. त्या एवढ्याशा पडद्यावर विहीर आली, पोरगी आली, आणि आत्या तिच्याबरोबर गुणगुणायला लागली. तिचा चेहरा बघताबघता तरुण झाला. मला पुन्हा ज्वारीची सळसळ ऐकू यायला लागली. पोरगी गाडीत बसली, धुरळा उडाला, ‘मध्यांतर’ अशी अक्षरं आली, आणि आत्या सवयीनं पाटीसाठी हात लांब करून उठायला लागली.

“आजी, बसा,” प्रतीक्षानं तिचा हात धरला. “आता गाडी न्हाय चुकत.”

पुढचं सगळं भागवतनं सांगितलं तसंच होतं. ती पोरगी बापाच्या पायावर डोकं ठेवून रडली, बापानं तिला उठवलं, विहीर दिसली आणि संपलं. आत्या रडत होती, पदर न लावता. ज्या पोरीला तिनं इतकी वर्षं पोसलं होतं, तिचं सिनेमावाल्यांनी काय केलं ते तिनं आज पाहिलं. मला त्या सिनेमावाल्याला धरून बदडावंसं वाटलं. प्रतीक्षा खाली बघत होती. बापाचं खरं निघालं होतं.

“काय लिवलंय ते?” आत्यानं पडद्याकडं बोट दाखवलं.

“समाप्त,” प्रतीक्षा म्हणाली.

“मला काय वाचता येतंय? मला ते बी मध्यांतरच दिसतंय.” आत्यानं नाक पुसलं, सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि सांगायला लागली. “तर पोरगी बापाच्या दारात बसली. आवाज बसलेला. पर कान हुते की तिला. रोज ऐकायची. बापाला वाटायचं, घरात हाय, सुखात हाय. एक दिवस बापानं बघितलं, तर पोरगी दारात बसून लांबच्या गाडीचा आवाज ऐकतीय.”

आणि ती थांबली.

 प्रतीक्षाला विचारायचा धीर होत नव्हता. माझ्या ओठावर आलं होतं, पण मी म्हणून काय उपयोग होता? आत्या तूर निवडत राहिली. एकेक खडा अंगणात पडत होता. भागवत गळ्यातल्या कातडी पिशवीचा पट्टा ओढत बसला होता. लहानपणी मधल्या पातीला आत्याच्या मागं मागं सरकायचा, तसाच दिसत होता.

“मग?” तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं.

“मग म्हनलास न्हवं? आता ऐक,” आत्या म्हणाली. “त्या पोरीचा बाप हुता कंडक्टर.”

“आत्या, पिक्चरमदी तो शेतकरी...”

“मधी बोलायचं न्हाय. पोरगी पुन्यांदा गाडीत बसली. डायवर बसला. समदी बसली. पर गाडी हालंना. बाप घंटीच्या दोरीला हात लावून हुबा. भागवत, एक घंटी दिली तर काय हुतंय?”

“गाडी थांबती.”

“आन दोन दिल्यावर?”

 तो उठून मोरीवर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. पण दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन गेला.

ती निघाली तेव्हा मीही त्या सकाळच्या गाडीत होते, नळदुर्गपर्यंत. गाडी भागवतचीच. प्रतीक्षा दाराजवळच्या सीटवर, मांडीवर बॅग, हातात मोबाइल. आत्या खाली रस्त्यावर उभी. ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं. भागवतनं दोरी ओढली, एकदा. घंटी वाजली आणि त्याचा हात तसाच वर राहिला. ड्रायव्हर दुसऱ्या घंटीसाठी थांबला. सगळी माणसं त्या हाताकडं बघायला लागली. भागवतनं मुलीकडं पाहिलं नाही, समोरच्या काचेकडं पाहिलं, आणि दुसऱ्यांदा ओढली.

प्रतीक्षानं ते सगळं भरून घेतलं. नळदुर्ग येईपर्यंत तिनं मला दोनदा ऐकवलं. एक घंटी, मग बराच वेळ नुसतं इंजिन, मग दुसरी घंटी. आणि गाडी हलता हलता, खिडकीखालून, धुरळ्यातून, आत्याचा आवाज:

“मग?”