पांढरी नखं

वेंडेल होलुबेकच्या उजव्या हाताची तीन बोटं कधी ना कधी मोडलेली होती. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरची बोटं अशीच असतात. पिचरने टाकलेला चेंडू बॅटला चाटून आला की हातमोज्यात जात नाही, उघड्या हातावर बसतो. वेंडेल पस्तीस वर्षांचा होता आणि अकरा वर्षं हॅलोवे गावाच्या संघासाठी प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या, मागे उकिडवा बसत आला होता. उन्हाळ्यात बेसबॉल आणि हिवाळ्यात घरांची छपरं. दोन्ही कामांत गुडघे जातात. दोन्हींपैकी एकही काम त्याने कधी अर्धवट टाकलं नव्हतं.

त्या वर्षी संघ तळाला गेला. मॅनेजर क्लेम रॉशने नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच सांगून टाकलं, आता संघ नव्याने बांधायचा, पोरं आणायची, म्हाताऱ्यांना रजा. त्यांच्या लीगमध्ये तिशीवरचे चारच खेळाडू ठेवता येत. तीन जागा ठरलेल्या होत्या आणि त्यातली एक पिचर ऑरिन टेटची होती. चौथ्या जागेवर रॉशला बाहेरून एक तिशीवरचा जबर फलंदाज आणायचा होता. पण नवा कॅचर कच्चा निघाला, तर ती जागा वेंडेलला मिळणार होती. रॉशने हे त्याला तोंडावर सांगितलं होतं. तो माणूस आडून बोलत नसे.

नव्या कॅचरचं नाव डॅरिल प्रुएट. वय बावीस, गाव आर्कान्सामधलं. मोठ्या संघाने सोडल्यावर तो इथे आला होता. शनिवारी सकाळी ट्रॅमच्या जुन्या शेडमध्ये जाळी बांधून सराव चाले. तिथे वेंडेलने त्याला पहिल्यांदा पाहिलं. पोरगं उकिडवं बसलेलं होतं. तसंच बसल्या बसल्या त्याने दुसऱ्या टोकाला चेंडू फेकला. उठणं नाही, पाय मागे घेणं नाही. चेंडू सरळ रेषेत गेला आणि पलीकडच्याच्या मोज्यात फाडकन वाजला.

वेंडेलला तेवढ्या अंतरासाठी उठावं लागे, पाऊल टाकावं लागे, आणि अलीकडे मनातल्या मनात देवाचं नावही घ्यावं लागे.

"सर, माझं काही चुकत असेल तर सांगा हं," डॅरिल त्याला म्हणाला.

"सर कुणाला म्हणतोस?"

"तुम्हाला, सर."

पोरगं चेष्टा करत नव्हतं, आणि तेच जास्त टोचलं. चेष्टा केली असती तर वेंडेलला उत्तर देता आलं असतं.

त्या दिवसापासून तो दर शनिवारी डॅरिलमध्ये खोट शोधत राहिला. एखाद्या छपराला गळती शोधतात तसा. पोरगं उशिरा येईल म्हणून पाहिलं, पण ते वेंडेलच्याही आधी येऊन बसलेलं असे. आळशी असेल म्हणून पाहिलं, तर जमिनीवर आपटून येणारे चेंडू अंगावर घेऊन घेऊन त्याच्या छातीवर निळे डाग पडले होते आणि ते डाग तो कुणाला दाखवतही नव्हता. घरी बायकोने, लोरेनने, सारण भरलेल्या पिरोगी ताटात वाढल्या की वेंडेल बोलायला लागे. तो पोरगा कसा बसतो, कसा हसतो, त्याच्या कमरेत तेल घातलंय की काय.

"एवढं तू लग्नाआधी माझ्याबद्दल बोलला नव्हतास," लोरेन म्हणाली.

जानेवारीत त्याला खोट सापडली.

कॅचर दोन मांड्यांच्या मध्ये बोटांनी पिचरला खुणा करतो. एक बोट म्हणजे वेगवान चेंडू, दोन म्हणजे वळणारा. शेडमध्ये उजेड कमी असे. म्हणून वेंडेल नखांना लोरेनचं पांढरं नेलपॉलिश लावायचा. अकरा वर्षं लावत आला होता. बाटली सरावाच्या पिशवीत असे आणि त्यावरून कुणी हसत नसे, कारण कमी उजेडात ऑरिनला नीट दिसत नसे. डॅरिल नखं रंगवत नव्हता. त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. ऑरिन डोळे बारीक करून पुढे वाकला की पोरगं बिचारं त्याला नीट दिसावं म्हणून हात खाली सोडी आणि गुडघे फाकवी. डावा गुडघा तर दारासारखा उघडा. तिसऱ्या बेसच्या, म्हणजे डाव्या, बाजूला उभ्या असलेल्या कुणालाही ती बोटं मोजता आली असती.

नखं रंगव आणि गुडघा आत घे, एवढं सांगायचं होतं. वेंडेलच्या पिशवीत बाटली होती. त्याने पिशवीची चेन लावली.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी रॉश बादली उलटी करून तिच्यावर बसला आणि वही काढली. प्रत्येक पिचरने सहा फलंदाजांना चेंडू टाकायचे. यादी त्याच दिवशी ठरणार होती. प्लेटमागे डॅरिल. वेंडेलला डाव्या बाजूला बादलीत चेंडू गोळा करायला उभं केलं.

"होलुबेक, बादली जड झाली तर सांग," डीक मॅलोरी बॅट घेऊन जाता जाता म्हणाला. "पोराला हाक मारू."

"तू आधी बॅट चेंडूला लागते का बघ."

डीक जुना होता. जुन्यांना एक गोष्ट ठाऊक असते. खूण दिसणाऱ्या बाजूच्या माणसाने नुसत्या नावाने हाक मारली तर वेगवान चेंडू येतोय, आडनावाने मारली तर वळणारा.

ऑरिन चेंडू टाकायला उभा राहिला. ऑरिन टेट हिवाळ्यात शाळेची बस चालवायचा. त्याच्या चेंडूला वेग कधीच नव्हता. जे काय होतं ते त्या वळणाऱ्या चेंडूत होतं, फलंदाजापाशी येऊन दम लागल्यासारखा खाली बसणाऱ्या. नऊ वर्षं तो चेंडू वेंडेलने झेलला होता.

डॅरिलने गुडघे उघडले. दोन बोटं.

वेंडेलच्या तोंडून निघून गेलं, "चल मॅलोरी, बघू."

डीकने मान वळवली नाही. फक्त बॅटवरची मूठ एकदा सैल केली. चेंडू खाली बसला तिथे बॅट आधीच वाट पाहत होती. जाळी पार वरपर्यंत हलली.

तोंडून एकदा निघून गेलं, असं म्हणता येतं. पण वेंडेल नंतर थांबला नाही. पोरगं हरावं, त्याची खूण फुकट जावी, रॉशने वहीत काहीतरी काळं लिहावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. "चल डीक." "शाबास मॅलोरी." पुढच्या फलंदाजालाही तेच. ऑरिनपुढे आलेले सहाही जुनेच होते आणि यादीत प्रत्येकालाच राहायचं होतं, म्हणून कुणी चकार शब्द काढला नाही. ऑरिनचा प्रत्येक चेंडू ठोकला गेला. तो दर वेळी स्वतःच्या हाताकडे बघत होता.

रॉशने वहीत लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

रॉशचं हार्डवेअरचं दुकान होतं. यादी दर वर्षी दुकानाच्या काचेवर आतून चिकटवली जाई, बर्फाच्या फावड्यांच्या शेजारी. सोमवारी दुपारी वेंडेल छपरावरून उतरून थेट तिथे गेला. प्रुएटचं नाव होतं. बाहेरच्या फलंदाजाचं होतं. आणि होलुबेकही होतं. टेट नव्हतं.

पोरगं पडलंच नव्हतं. रॉशने कॅचरकडे बघून नाही, ठोकल्या गेलेल्या चेंडूंकडे बघून लिहिलं होतं. एक म्हातारा कमी केला की दुसऱ्याला जागा होते, हिशेब सरळ होता.

ऑरिनची पिवळी बस रस्त्यापलीकडे उभी होती. तो खाली उतरला, यादी वाचली आणि वेंडेलच्या पाठीवर थाप मारली.

"तू राहिलास ते बरं झालं."

"ऑरिन..."

"नाही रे, खरंच. मला वाटत होतं चेंडू वळतोय. बोटांतून सुटताना अगदी पूर्वीसारखा वाटत होता. आपलाच हात आपल्याला फसवतो म्हणजे बघ." तो बसकडे वळला. "चल, तीन वाजले. पोरं सुटतील."

बस कोपऱ्यावरून वळेपर्यंत वेंडेल उभा होता. मग दुकानात शिरला.

रॉश तराजूत खिळे तोलत होता. वेंडेलने सगळं सांगितलं, उभ्यानेच. गुडघा, नखं, डीक, आडनाव. रॉशने खिळे पिशवीत भरले, पिशवी गिऱ्हाइकाला दिली आणि गिऱ्हाईक गेल्यावर त्याच्याकडे वळला.

"किती चेंडू सांगितलेस?"

"सगळे."

"आणि मी तिथे बादलीवर बसून ऐकत होतो. मला वाटलं, होलुबेकला कधी नव्हे ती बोलायची हौस आलीय." त्याने काचेवरची यादी सोडवून गल्ल्यावर ठेवली. "जागा एकच आहे. ऑरिनला घ्यायचं तर एक नाव जातं. कुणाचं?"

"माझं."

रॉशने पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. "मग तूच खोड. आणि शनिवारी ये. पोराला तू सांगायचंस, मी नाही. ऑरिनलाही."

वेंडेलने स्वतःचं नाव खोडलं. रेघ वाकडी आली.

शनिवारी तो शेडमध्ये गेला. आधी ऑरिनला गाठलं. ऑरिनने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ चेंडू बोटांत फिरवत राहिला.

"म्हणजे वळत होता," तो म्हणाला.

"वळत होता."

"बरं." एवढंच. त्याने पाठ केली आणि टोकाला जाऊन उभा राहिला. नऊ वर्षांत तो पहिल्यांदाच वेंडेलशी न बोलता तिथे गेला.

डॅरिल उकिडवा बसला होता. वेंडेलने पिशवीतून बाटली काढली, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि काय केलं होतं ते त्यालाही सांगितलं.

"सर, मला आधी का नाही सांगितलंत?"

"कारण तुला बसल्या बसल्या दुसऱ्या टोकाला फेकता येतं," वेंडेल म्हणाला. "हात पुढे कर."

त्याने पोराच्या नखांना पांढरा रंग लावला. न मोडलेली बोटं होती, सगळी सरळ. रंग सुकेपर्यंत फुंकर मारायला सांगितली. मग डावा गुडघा हाताने आत ढकलला, मोजा गुडघ्याबाहेर टेकवायला लावला, हात वर घ्यायला लावला.

"आता तिथून काही दिसतं का?" डॅरिलने विचारलं.

वेंडेल उठून डाव्या बाजूला गेला. काही दिसत नव्हतं. तो आणखी पुढे सरकला, वाकला, डोकं तिरकं केलं. तरी नाही. गुडघा बंद होता आणि बंदच राहिला. दुसऱ्या चेंडूला, पाचव्याला, दहाव्यालाही. टोकावरून ऑरिनला पुढे वाकावंही लागत नव्हतं.

हेच जमायला वेंडेलला दोन उन्हाळे लागले होते, रोज. पोराने ते कॉफी निवायच्या आत केलं. वेंडेल तिथेच उभा राहून अकरावा चेंडू पाहत होता, बारावा पाहत होता, गुडघा कधी उघडतो त्याची वाट बघत.