अर्धी मोजलेली आई

आईच्या उंचीवरून मी सख्ख्या भावाशी घासाघीस केली आहे.

आई चिपळूणला दादाकडे असते. दादाकडे बारा महिने आणि माझ्याकडे अकरा दिवस! मागच्या वेळी इकडे कतारमध्ये, अल वक्राला आली, सोफ्यावर झोपली, पाठ धरली आणि निघाली. (सोफा सेलमधला होता. तो विषय बंद.) या वेळी तिला पूर्ण तीन महिने ठेवायचीच, म्हणून दिवाण करून घ्यायचा ठरवला. पण हॉलमध्ये खांब आणि खिडकी यांच्यात जागा पाच फूट दोन इंच. आई मावेल?

"दादा, आईची उंची सांग."

"चार फूट सात. पण ती वाकलीय रे, खरी कशी सांगू?"

माझी बायको नीता नर्स आहे. ती म्हणाली, "पाठ वाकली तरी हात आखूड होत नाहीत. दोन्ही हात पसरून बोटापासून बोटापर्यंत मोजा. साधारण तेवढीच उंची."

आईचा डावा खांदा धरलेला! नीता म्हणाली, "मग गळ्याच्या खळगीपासून उजव्या हाताच्या बोटापर्यंत मोजा आणि दुप्पट करा."

व्हिडिओ कॉल लावला. दादाने टेप धरली. "एकोणऐंशी सेंटिमीटर." म्हणजे दुप्पट एकशे अठ्ठावन्न, आणि माझी पाच फूट दोन इंच जागा जेमतेम एकशे सत्तावन्न!

"अठ्ठ्याहत्तर कर!"

"भाजी आहे का ही?"

"टेप सैल सोडतोयस तू! आई इकडे येऊ नये म्हणून! अरे, तुझा एक सेंटिमीटर मला दोनला पडतो!"

आई बिचारी फोनकडे हात पसरून बसलेली. "झालं का भांडून? हात भरून आला माझा. का तूच येतोयस धरायला?"

खलास. अठ्ठ्याहत्तरवर सौदा ठरला.

आई आली, दिवाणावर कुशीवर झोपली, आणि पायाशी चांगला दीड फूट उरला! मी नीतावर उखडलो, "तुझं गणित चुकलं!"

"गणित बरोबर आहे हो. हात जुनीच उंची सांगतो."

जुनी म्हणजे मी कतारला निघालो तेव्हा दारात ताठ उभी होती, ती. बावीस वर्षांपूर्वीच्या आईच्या मापाचा दिवाण केला होता मी. आली ती आताची.

आईने उरलेल्या लाकडावर थाप मारली. "वाया कशाला घालवतोस? ये."

वाया? माझ्या घरात? रोज दुपारी माझ्या दुकानाचं शटर ओढलं की मी त्या दीड फुटात घडी होऊन तिच्या पायाशी पडायचो. अकरा नव्हे, पूर्ण नव्वद दिवस!

मग ती दादाकडे गेली. आता सगळा दिवाण माझा आहे. तरी मी दुपारी त्याच दीड फुटात झोपतो. परिणाम? परवा माझी कंबर धरली. दवाखान्याच्या फॉर्मवर उंची हवी आणि मला सरळ उभं राहता येईना.

"हात पसरा," नीता टेप घेऊन म्हणाली. "चौऱ्याऐंशी."

"पंच्याऐंशी लाव!" मी कण्हत म्हणालो. "दुप्पट करायचंय!"