माझ्या नावाची लाल पट्टी

माइक बंद करायला मी विसरलो. चूक माझीच. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने कानाला हेडफोन लावून पडवीत मासे घेऊ नयेत.

तिकडे पुण्याहून मॅडम आमच्या टीमला महिन्याचा तक्ता दाखवत होत्या. इकडे मासेवाली हलिमाचाची टोपली उतरवून बसलेली. मी तिला म्हणालो, "परवाचे बांगडे मऊ होते. तुझ्यावर भरवसा कसा ठेवू?"

"कल्ला उघडून बघ की! लाल असला तर घे," चाची करवादली. "तोंडावरून काय कळतंय?"

हे सगळं पुणे, नागपूर, बंगळूरपर्यंत गेलं. सगळे हसले. मीही हसलो. मग पडद्याकडे नजर गेली.

तक्ता भरवशाचाच होता.

आम्ही सात जण विम्याचे दावे तपासतो. घरी बसून. मी रत्नागिरीत, बाकीचे कुठे कुठे. एकमेकांना कधी भेटलेलो नाही. म्हणून कंपनी दर महिन्याला प्रत्येकाला विचारते: या सहकाऱ्याचं काम तुम्ही न तपासता पुढे पाठवाल का? गुण द्या. कुणी किती दिले ते गुपित. कुणाला किती मिळाले ते मात्र सगळ्यांसमोर. मी सगळ्यांना पैकीच्या पैकी देत आलो. लग्नातल्या आहेरासारखे. हात आखडता घ्यायचा असतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

सगळ्यांच्या पट्ट्या हिरव्या. एकच लाल, बोटभर. तिच्यावर माझं नाव.

"मॅडम, माझ्या कामात काय चुकलं?"

"चूक काहीच नाही हो. तसं कुणी म्हटलेलंही नाही. हा कम्फर्टचा प्रश्न आहे. पुढच्या महिन्यापासून तुमची प्रत्येक फाइल निरंजन एकदा बघेल. पट्टी वर आली की बंद करू."

निरंजन. त्याचे वडील हॉस्पिटलात होते तेव्हा त्याच्या फाइली मी निपटल्या. लेकीच्या बारशाला फणसपोळी पाठवली. त्याने तिला कॅमेऱ्यासमोर धरून सांगितलं होतं, "हे बघ, रत्नागिरीचे काका." मी त्या दिवशी घरभर काका होऊन फिरलो. बायकोने चहासुद्धा "घ्या काका" म्हणून दिला.

"मागचे महिने दाखवता?" मी विचारलं.

मॅडमनी दाखवले. हिरवी. हिरवी. हिरवी. शिमग्यानंतर पिवळी. मग लाल.

शिमगा.

मीटिंग संपता संपता निरंजनने सहज विचारलं होतं, "काका, तुमच्याकडे शिमग्याला देवाची पालखी घरोघर येते ना? तुमच्या घरी कधी?" मी खरं ते सांगितलं. गावात सगळ्या वाड्यांत जाते, आमच्या वाडीत येत नाही. पाखाडीच्या दगडी पायऱ्यांखालूनच वळते. वर विनोदही केला, "आमच्या पायऱ्या चढताना देवाला दम लागतो."

कुणी हसलं नाही. "अच्छा," एवढंच निरंजन म्हणाला. त्यानंतर काका नाही. आधी आडनावापुढे 'जी', मग नुसतं आडनाव.

पालखी एखाद्या वाडीत का येत नाही, हे कोकणात कुणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं. मला वाटलं होतं, पडद्यावर जात दिसत नाही.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. वडील एकदा पालखीला खांदा द्यायला पुढे झाले होते. "तुझा खांदा नको," असं ऐकून परत आले. पाखाडी चढताना त्यांची मान खाली होती. मी वरून बघत होतो. त्यांच्या खांद्यात काय खोट होती, ते कुणी सांगितलं नाही. तपासलंही नाही.

"ठीक आहे मॅडम." तोंडात आलंच होतं. समोर चाची बांगड्याचा कल्ला उघडून धरून बसलेली. लालभडक.

"नाही," मी म्हणालो. "माझ्या फाइली उघडा. चूक काढा, मान्य करीन. पण पालखी माझ्या वाडीत येत नाही म्हणून माझ्या कामावर पहारा नको. शिमग्याआधी मी हिरवा होतो."

"तुम्ही कुठल्या कुठे नेताय! अशाने टीमचा विश्वास आणखी कमी होईल."

"होऊ दे. आजपासून मी कुणाला गुण देणार नाही. कुणाकडून घेणारही नाही. नोकरीवरून काढायचं असेल तर कारण माझ्या कामातलं शोधा." मग विचारलंच. "निरंजन, तू किती दिलेस रे?"

त्याचा चेहरा चौकोनातून गेला. कॅमेरा बंद. नावाचं पहिलं अक्षर तेवढं राहिलं.

मीटिंग संपली. मी रडलो, खोटं कशाला सांगू. आणि रडतानाच ठरलं. वडील मान खाली घालून परतले. मी परतणार नाही.

बायको दारात उभी होती. तिने माझं सगळं बोलणं ऐकलं होतं. मला वाटलं, आता नोकरीचं विचारेल. तिने हेडफोनची गुंतलेली वायर सोडवली आणि तो परत माझ्या हातात दिला.

"उद्यापासून माइक चुकून चालू ठेवू नका," ती म्हणाली. "मुद्दाम ठेवा."