कांद्याविना जॉर्जियात

मुलगी जॉर्जियात डॉक्टरकी शिकते. तिला भेटायला जायचं म्हणून मी सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी बसून मोबाइलवर रशियन शिकले; तिकडे ती चालते म्हणे. आम्ही जैन, कांदा-लसूण नको एवढं तरी सांगता यायला हवं! तिथल्या खाणावळीत मी ऐटीत पहिलंच वाक्य फेकलं आणि मालकीणबाईंनी तोंड फिरवलं.

“आई, गप! ज्या रशियनांच्या राज्यातून हे लोक सुटले, त्यांचीच भाषा?” मुलगी कुजबुजली.

मग मी सरळ सांगलीवर आले. “आवं बाई, कांदा न्हाई!” म्हणत कांदा चिरल्यासारखं केलं, डोळे पुसले, दोन्ही हात जोरजोरात हलवले. मालकीणबाई पोट धरून हसल्या. मग एकदम थबकल्या आणि चक्क रशियनमध्येच ओरडल्या, “कांदा नाही? मग तुम्ही जगता कशा?”