ब्रेकआउटच्या दिवसांतल्या कांचनकाकू

अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवेत कुणाकडेही हळदीकुंकू असो, कांचनकाकू आल्या की बाकीच्यांनी बोलायची उमेद सोडून द्यावी. कुणी नुकतीच अलास्काची क्रूझ करून आलेली असते, कुणाच्या लेकाला मेडिकलला ॲडमिशन मिळालेली असते, सगळ्यांच्या पोटात बातमी नुसती उड्या मारत असते. पण काकूंनी "आमच्या कॅम्पमध्ये ना," एवढं म्हटलं की संपलं. बायका हातातल्या बश्या तशाच धरून ऐकत बसतात, आणि क्रूझवाली बिचारी फोनमधले फोटो फोनमध्येच घेऊन घरी जाते.

कांचनकाकू मूळच्या नागपूरच्या. इथे शाळेत नर्स. उन्हाळ्यात शाळा बंद, मुलगी उर्वी नोकरीला टेक्सासात, मग दोन महिने घरात बसून उल्हासकाकांच्या खाण्यापिण्यावर डोळा ठेवायचा, एवढाच उद्योग. एका वर्षी कुणीतरी सांगितलं की न्यूयॉर्कच्या वर डोंगरात, कॅट्सकिल्समध्ये, हसिदी मुलींच्या समर कॅम्पला नर्स हवी आहे. हसिदी म्हणजे ज्यूंमधले अगदी कर्मठ. मुलींचे हात मनगटापर्यंत झाकलेले, स्कर्ट पायघोळ, घरात टीव्ही नाही, इंटरनेट नाही. उल्हासकाका पोट धरून हसले. "तुला तिथे कोण ठेवून घेणार? घरात एक नियम कधी पाळलास का?"

झालं. हे असं बोलायला नको होतं. काकूंनी दुसऱ्याच दिवशी होकार कळवला.

आणि गंमत म्हणजे काकू तिथे पाण्यातल्या माशासारख्या रुळल्या. स्वयंपाकघरात दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी, एकाचा चमचा चुकून दुसऱ्यात गेला तर हाहाकार. नवीन आलेली एखादी गोरी बाई या प्रकाराने चक्रावून जायची. पण सासूबाईंचं सोवळं वर्षानुवर्षं निभावलेल्या बाईला यात नवल ते काय वाटणार? काकूंनी आपला छोटा कुकर दवाखान्याच्या मागच्या खोलीत मांडला आणि त्या स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडला नाही. त्यामुळे तिथली आचारीणबाई त्यांच्यावर बेहद्द खूश.

अडलं ते फक्त शब्बातला. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत शब्बात. दिवा लावायचा नाही, फोनला हात लावायचा नाही, कुठलंच बटण दाबायचं नाही. बरं, ज्यू नसलेल्या माणसाला "जरा दाबून द्या" असं तोंडाने सांगायचंही नाही. पहिल्याच शब्बातला एक मोठी मुलगी दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. "नर्स कांचन, आमच्या खोलीत फार अंधार आहे."

"मग लवकर झोपा," काकू म्हणाल्या.

मुलगी हलेना. "लहान मुली घाबरल्यात."

"गोष्ट सांग त्यांना एखादी."

मुलगी तशीच उभी, चेहरा पडलेला. तेवढ्यात आचारीणबाई आली, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी, आणि तिने काकूंना उलगडून सांगितलं की ही पोर तुम्हाला दिवा लावायला सांगत नाही आहे, अंधार आहे एवढंच सांगते आहे, पुढचं तुम्ही समजून घ्यायचं. अहो, मग काय विचारता! सासूबाई "आज पाय जरा जड झालेत" म्हणाल्या की तेलाची वाटी गरम करायला धावणाऱ्या काकू त्या. त्या दिवसापासून शब्बातला कुणी नुसतं "उकडतंय" म्हणायचा अवकाश, काकूंचा हात एसीच्या बटणावर. असे बरेच उन्हाळे गेले. काकू तिथे जायच्या, परतायच्या आणि वर्षभर आम्हाला सांगत बसायच्या.

पण त्यांच्या आठवणींचा राजा म्हणजे कलर वॉर. ऑगस्टमध्ये एक दिवस सगळ्या कॅम्पाचे दोन तुकडे होतात, दोन रंगांच्या दोन टीम, आणि मग गाणी, नाटकं, नाच, भिंतीएवढे पडदे रंगवणं, यात मुली जिवाचं रान करतात. आवाज बसतात, जेवणाची शुद्ध नसते, सख्ख्या बहिणी दोन टीममध्ये पडल्या तर एकमेकींना ताकास तूर लागू देत नाहीत. आणि हे सुरू कधी होणार, ते कुणालाच माहीत नसतं. सुरू होण्याच्या त्या क्षणाला म्हणतात ब्रेकआउट. तो कसा होईल त्याचा नेम नाही. कधी खोटी आग लागते, कधी खोटी भांडणं होतात, सगळ्यांची घाबरगुंडी उडते आणि मग एकदम रंग दिसतात. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की तीनशे मुली कान टवकारून बसलेल्या. कुणाची ताटली पडली, ब्रेकआउट. भाजीचा ट्रक उशिरा आला, नक्की ब्रेकआउट. कॅम्पच्या मुख्य बाईंना शिंक आली तरी पोरी टेबलावर चढायच्या.

मागच्या वर्षीचा ब्रेकआउट काकूंनी केला होता. नागपूरला कॉलेजच्या नाटकांत त्यांनी बक्षिसं मारलेली, ती सगळी हौस त्यांनी तिथे फेडून घेतली. भर जेवणाच्या वेळी त्या हॉलमध्ये शिरल्या, पाठोपाठ स्ट्रेचरवर बँडेजात गुंडाळलेली एक मोठी मुलगी, कपाळावर केचप. "धिस इज रिअल," काकू ओरडल्या, "कॉल द ॲम्ब्युलन्स!" मुली रडायला लागल्या, आणि मग काकूंनी बँडेजचं एक टोक धरून खेचलं. आतून अर्धी लाल, अर्धी पिवळी मुलगी टुणकन उठली. हॉल नुसता डोक्यावर घेतला पोरींनी. काकूंना खांद्यावर घ्यायचंच तेवढं बाकी ठेवलं.

आता या वर्षीचं. त्या आठवड्यात कॅम्प असा काही तापला होता की विचारू नका. गुरुवारच्या वादळात फोनच्या तारा तुटल्या होत्या आणि मोबाईलला तर त्या दरीत रेंज कधीच नसते. म्हणून जवळच्या गावातल्या ॲम्ब्युलन्सच्या स्वयंसेवकांनी, ती माणसंही हसिदीच, वॉकीटॉकीसारखा एक रेडिओ आणून दिला. तो मिसेस क्लाइनच्या कमरेला. मिसेस क्लाइन म्हणजे कॅम्पच्या मुख्य बाई. सडपातळ, डोक्याला घट्ट रुमाल, आवाज कधी चढायचा नाही, पण त्या आल्या की तीनशे पोरी सुतासारख्या सरळ. या वर्षी ब्रेकआउट कधी आणि कुठली मुलगी कुठल्या रंगात, हे अख्ख्या कॅम्पात एकट्या त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या स्वतःच्या दोन मुली कॅम्पात होत्या. त्या दोघींनी लाडीगोडी लावून पाहिली, रुसून पाहिलं, बाईंच्या तोंडातून अवाक्षर निघालं नाही.

शनिवार उजाडला. शब्बातला कुणाच्या मनात येणार नाही म्हणून या वेळी शब्बातलाच ब्रेकआउट, अशी आवई पोरींनी सकाळपासून उठवलेली. दुपारी सगळ्याजणी हॉलमध्ये जेवायला बसल्या, गाणी सुरू झाली. काकू दवाखान्यात एकट्या, आता जरा आडवं व्हावं अशा विचारात. तेवढ्यात दारात ब्लिमी उभी.

ब्लिमी नऊ वर्षांची, कॅम्पात पहिल्यांदाच आलेली, काडीसारखी पोर. दिवसातून चारदा काही ना काही दुखवून घेऊन यायची, खरं तर गप्पा मारायला. तिच्या घरी ती अकरा भावंडांतली मधली, त्यामुळे तिचं एकटीचं ऐकून घेणारं माणूस मिळाल्यावर ती कशाला सोडते. तिचा एकच ध्यास होता. आपण निळ्या टीममध्ये असणार की हिरव्या, की आणखी कुठल्या. आजही काकूंना वाटलं, आली गप्पांना. पण ब्लिमी बोलली नाही. तिने नुसती मान दाखवली. मानेवर गांधीलमाशीने डंख मारलेला, ओठ सुजलेले, आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज.

ही साधी सूज नव्हे, हे काकूंना एका नजरेत कळलं. कमरेच्या पाऊचमधलं ॲलर्जीचं इंजेक्शन काढून त्यांनी पोरीच्या मांडीत टोचलं. जरा थांबल्या. शिट्टी थांबेना. आता ॲम्ब्युलन्स हवी, आणि फोन तर बंद. रेडिओ हॉलमध्ये. पोरीला एकटीला टाकून जायचं कसं? काकूंनी दुसरं इंजेक्शन तोंडात धरलं, ब्लिमीला उचललं आणि धूम ठोकली. साठी उलटलेली बाई, गुडघ्यांचं ऑपरेशन पुढे ढकलत आलेली, पायघोळ स्कर्ट सावरत उतारावरून अशी धावली की उल्हासकाकांनी पाहिलं असतं तर ओळखलं नसतं.

खांद्याने दार ढकलून त्या हॉलमध्ये शिरल्या. कडेवर मान टाकलेली मुलगी. तीनशे चेहरे वळले. आणि क्षणभराने छप्पर उडेल असा एकच गजर झाला. "ब्रेकआउट! ब्रेकआउट!"

पोरी बाकांवर चढल्या. टेबलं बडवायला लागल्या. पुढच्या मुलींनी हात धरून काकूंभोवती रिंगण केलं आणि गोल गोल नाचायला सुरुवात केली. काकूंनी इंजेक्शन हातात घेतलं. "धिस इज रिअल," त्या ओरडल्या, "कॉल द ॲम्ब्युलन्स!"

अरे देवा. तेच शब्द. मागच्या वर्षीचे अगदी तेच. हॉलमध्ये हशा पिकला आणि टाळ्या दुप्पट झाल्या. एक मुलगी ब्लिमीच्या सुजलेल्या गालाला हात लावून म्हणाली, "काय मेकअप केलाय, नर्स कांचन." काकू जीव तोडून सांगताहेत, आणि जितकं सांगावं तितक्या पोरी खूश. पोर आपल्या हातातून चालली आहे आणि ही सगळी आपल्याच नाटकाची करणी, असं त्यांच्या मनात आलं आणि तोंडातून निघालं ते मराठी. "अगं, बाजूला व्हा गं, मरेल माझी पोर."

कुणालाच कळलं नाही ते. पण हॉलच्या दुसऱ्या टोकाला मिसेस क्लाइन उठून उभ्या राहिल्या. आज ब्रेकआउट नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? गर्दीतून वाट काढत त्या आल्या. काकूंनी ब्लिमीला टेबलावर निजवून दुसरं इंजेक्शन टोचलं आणि हात पुढे केला. "रेडिओ द्या. मी बटण दाबते, मला शब्बात नाही."

इतकी वर्षं हेच चालत आलेलं. बटणं दाबायला काकू.

"नाही," मिसेस क्लाइन म्हणाल्या. "जीव वाचवायचा असतो तेव्हा ते दुसऱ्यावर ढकलायचं नसतं. आम्हीच करायचं, सगळ्यांच्या समोर."

त्यांनी कमरेचा रेडिओ काढला, वर धरला आणि बटण दाबलं. खरखर झाली. त्या नेहमीच्याच आवाजात बोलायला लागल्या, मूल नऊ वर्षांचं, श्वास अडकतो आहे, लगेच या.

टेबलावर मारायला उचललेले हात तसेच वर राहिले. खेळ म्हणून आग लावतील, रडतील, केचप फासतील, पण शब्बातला मिसेस क्लाइन खेळ म्हणून बटण दाबणार नाहीत, हे त्यातल्या सगळ्यात लहान पोरीलाही माहीत होतं. रिंगण सुटलं. मुली भिंतींना टेकल्या, दारापर्यंत रस्ता मोकळा झाला. मेकअप म्हणणारी मुलगी रडायला लागली. मग एकीने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि सगळ्या हॉलमध्ये पुटपुट सुरू झाली. काकूंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण त्यांच्याही तोंडात रामरक्षा आली होती. ब्लिमीचा हात धरून त्या तिच्या छातीकडे बघत होत्या. दुसरं इंजेक्शन हळूहळू लागू पडलं. शिट्टी बारीक झाली. ओठांवर रंग आला.

ॲम्ब्युलन्स आली. शब्बातचा लांब काळा रेशमी कोट घातलेली दोन माणसं जेवणावरून उठून तशीच गाडी हाणत आलेली. त्यांनी ब्लिमीला ऑक्सिजन लावला, गाडीत चढवलं. काकू तिच्या शेजारी बसल्या, मिसेस क्लाइन दाराशी उभ्या राहिल्या. आता धोका नाही, पण हॉस्पिटलात ठेवावं लागेल, असं त्यातला एकजण म्हणाला.

ब्लिमीने डोळे किलकिले केले. मास्क जरा खाली ओढला. "ब्रेकआउट झाला ना? मी सगळं ऐकलं. मी कुठल्या टीममध्ये आहे?"

"मास्क लाव आधी," काकू दटावत म्हणाल्या.

"आधी सांगा."

काकूंनी मिसेस क्लाइनकडे पाहिलं. मघाशी बटण दाबताना या बाईंची पापणी लवली नव्हती, आता मात्र त्या घुटमळल्या. त्यांनी मागे पाहिलं. हॉलच्या पायऱ्यांवर मुली उभ्या होत्या, त्यांत त्यांच्या दोघी लेकीही. मग एकदम काय वाटलं कोण जाणे, स्कर्ट सावरून त्या गाडीत चढल्या, खाली वाकल्या आणि ब्लिमीच्या कानाला तोंड लावून काहीतरी बोलल्या. ब्लिमीचे सुजलेले डोळे जेवढे उघडता येतील तेवढे उघडले.

"कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली, आणि आपल्या हाताने मास्क वर ओढून घेतला.

इतका वेळ दगडासारख्या बसलेल्या कांचनकाकूंना तेव्हा रडू फुटलं. साधंसुधं नव्हे, चांगलं हुंदके देऊन. मिसेस क्लाइननी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते.

"कितीही रडा," त्या म्हणाल्या, "तुम्हाला मात्र सांगणार नाही."